धाकटीचा कान

रियाधच्या मलाझ भागातल्या आमच्या घराला सहा खिडक्या होत्या आणि त्यातली एकही उघडत नव्हती. घरातली बाई रस्त्यावरून दिसू नये म्हणून घरमालकानं सगळ्या काचांवर पांढरा कागद चिकटवलेला होता, आणि धूळ येऊ नये म्हणून चौकटींच्या फटी आम्हीच चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या एका काचेवरचा कागद मात्र आमच्याआधी राहून गेलेल्या कुणा बाईनं कोपऱ्यात रुपयाएवढा खरवडून काढला होता. तिथं डोळा लावला की समोरच्या बकाल्याची, म्हणजे किराणा दुकानाची पाटी, उभ्या गाड्यांचे टप आणि आकाशाचा एक मातकट तुकडा दिसायचा. ती बाई कोण, कुठली, मला कधीच कळलं नाही. पण तिच्या पोराबाळांचं भलं होवो, असं मी दिवसातून तीनदा तरी म्हणत असे.

त्याआधी मी नाशकात शाळेत भूगोल शिकवायचे. 'वाळवंटी प्रदेशातील लोकजीवन' हा धडा मला तोंडपाठ होता. तंबू, खजूर, उंट, दिवसा कडक ऊन आणि रात्री थंडी. खिडकी उघडत नाही, हे त्या धड्यात नव्हतं. दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी नवऱ्याला रियाधमध्ये, ओलाया भागातल्या एका बँकेच्या संगणकाचं काम मिळालं आणि मी नोकरी सोडून त्याच्यामागून आले. हौसेनं आले, हे सांगायला हवं. मला कुणी फरपटत आणलं नव्हतं. ज्या गावावर पट्टी टेकवून मी मुलांना नकाशा दाखवला, तिथं राहायला मिळणार याचंच अप्रूप होतं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग आम्हाला जुळ्या मुली झाल्या.

आठव्या महिन्यातच झाल्या, सिझेरियन करून. बाळंतपणाला आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली होती. तिनं मुलींना तेल लावून पायावर घेऊन न्हाऊ घातलं, मला डिंकाचे लाडू खाऊ घातले आणि व्हिसा संपला तशी डोळे पुसत गेली. जाताना म्हणाली, "उष्टावणाला घेऊन ये गं पोरींना. पहिला घास मामाच्या हातचा असतो." मुलींचं उष्टावण विषम महिन्यात करतात, म्हणून सातवा महिना ठरला. मामानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, चांदीच्या दोन वाट्याही आणून ठेवल्या.

आई गेल्यानंतरचे दिवस मला वेगवेगळे आठवत नाहीत. एकीला दूध पाजून, खांद्यावर टाकून ढेकर काढावा, तोवर दुसरी उठलेली असायची. दुसरीचा लंगोट बदलावा तर पहिलीनं दूध ओकलेलं. एसीची घरघर चोवीस तास चाललेली, आणि त्या घरघरीत मला सारखं कुणीतरी रडल्याचा भास व्हायचा, दोघी झोपलेल्या असल्या तरी. दारामागच्या खुंटीवर बाहेर जाताना घालायचा माझा काळा, पायघोळ अबाया लटकत असायचा. आई गेल्यावर अडीच महिने तो तिथून हलला नाही. जाणार कुठं? तिसरा मजला, लिफ्ट बंद पडलेली, सकाळी आठलाच चटके देणारं ऊन. गाडी चालवायची बायकांना तिथं परवानगी नव्हती, आणि दोन तान्ही बाळं घेऊन एकटीनं टॅक्सीत बसायचा मला धीर होईना. नाशकात मी स्कूटरवरून भाजी, गॅसचा नंबर, बँक, सगळं शाळेच्या आधी उरकायचे. इथं कोथिंबिरीची जुडीसुद्धा नवरा आणेल तेव्हा.

तो रोज साडेसातला निघायचा. दारात बूट घालत "येतो" म्हणायचा. जाताना 'येतो' म्हणायची आपली पद्धत, 'जातो' म्हणणं अशुभ. पण मला त्या शब्दाचा संताप यायचा. येतो काय, जातोस की! तू जाऊ तरी शकतोस. संध्याकाळी सात वाजता तो परत आला की मी बोलायला लागायचे आणि त्याला बोलवत नसायचं. दिवसभर बोलून तो थकलेला असायचा आणि दिवसभर न बोलून मी.

त्यात त्याला मुली ओळखू यायच्या नाहीत. दोघी हुबेहूब. आईनं जाताना युक्ती करून दिली होती. दृष्ट लागू नये म्हणून काजळाची तीट लावतोच, तर थोरलीला ती डाव्या गालावर लावायची आणि धाकटीला उजव्या. नवरा त्या तिटेवर विसंबून राहिला. आधी गाल बघायचा, मग हाक मारायचा. एकदा मी मुद्दाम दोघींना तीटच लावली नाही आणि म्हटलं, सांग आता. तो हसून म्हणाला, "तू आहेस ना ओळखायला." मला ते मुळीच गमतीचं वाटलं नाही. मला तिटेची गरज नव्हती. धाकटीच्या उजव्या कानाची वरची कड पोटात असल्यापासूनच आत दुमडलेली होती. एसीचा वारा लागू नये म्हणून दोघींच्या डोक्याला सदा टोपरं बांधलेलं असायचं, त्यामुळे तो कान आईशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती.

घरात येणारं एकच माणूस होतं. पहिल्या मजल्यावरच्या खाला, म्हणजे मावशी. रत्नागिरीकडच्या, साठीच्या. मुलाचं मलाझमध्येच दुकान होतं. मदिनेला जाऊन आल्या की माझ्यासाठी खजूर आणायच्या, गुडघे धरत दोन जिने चढायच्या आणि येताच एक मूल माझ्या हातातून काढून घ्यायच्या. "अगो, तोंड बघ तुझा! जेवलीस का नाय?" जेवलेली नसायचे. त्या तेवढ्या अर्ध्या तासात मी भराभर जेवायचे.

एका दुपारी धाकटी रडायला लागली ती थांबेचना. पाजलं, फिरवलं, पोटावर हिंग लावला, गाणं म्हटलं, ओरडलेसुद्धा. शेवटी तिला झोपायच्या खोलीतल्या पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं, थोरलीला हॉलमध्ये सतरंजीवर टाकलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडून खाली बसले. नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नव्हतं. मला फार बरं वाटलं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू? फार बरं वाटलं. इतकं, की आता उठूच नये असं वाटलं. मुली कुणाच्या तरी आहेत, आणि ते कुणीतरी येऊन त्यांचं बघेल.

किती वेळ गेला ठाऊक नाही. दार उघडलं तेव्हा समोर नवरा उभा होता. कुठली तरी फाइल घरी राहिली म्हणून मध्येच आला होता. त्याच्या खांद्यावर धाकटी होती. तोंड लालबुंद, टोपरं कुठंतरी गळून पडलेलं, हुंदके देत देत ती पेंगत होती. आता हा बोलणार, अशी मी वाट बघितली. त्यानं वाकून नळ बंद केला आणि म्हणाला, "खाला भारतात कधी जाणारेत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको ओल्या फरशीवर बसलीय आणि ह्याला शेजारणीची चौकशी सुचतेय!

चौकशीचं कारण दोन दिवसांनी कळलं. विमानात एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच तान्हं बाळ घेता येतं. म्हणजे दोन मुलींना घेऊन मी एकटी जाऊ शकत नव्हते. त्याला स्वतःला रजा पुढच्या वर्षी मिळणार होती, आणि त्याचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. तिथली रीतच ती. माणूस आला की पासपोर्ट कंपनी ठेवून घेते, रजा मंजूर झाली की हातात देते. पण मला काय त्याचं? तो रोज बाहेर तरी पडत होता. खाला मात्र महिन्याभरात कायमच्या गावी निघाल्या होत्या, शुक्रवारच्या मुंबईच्या विमानानं. त्यांच्या मांडीवर एक आणि माझ्या मांडीवर एक. ते विमान चुकलं तर पुढं वर्षभर दुसरं कुणी नव्हतं. "यल्ला, चल, कागद कर लवकर," खाला नवऱ्याला म्हणाल्या. "मी काय थांबूची नाय."

त्या दिवसापासून मी त्या शुक्रवारावर जगले. आधी मुलींचे पासपोर्ट, मग त्यांची नावं नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्यावर, आणि मग आम्हा तिघींना देशाबाहेर जाऊन परत यायचा व्हिसा. मीही त्याच्याच इकाम्यावर. त्यानं अर्ज केल्याशिवाय मला देशाबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. कंपनीचा एक माणूस सरकारी कचेऱ्यांत फिरून अशी कामं करायचा, त्याला मंदूब म्हणत. मंदूब आजारी पडू नये म्हणून मी देवाला साखर ठेवायचे.

पासपोर्टच्या फोटोसाठी आम्ही जवळच्याच स्टुडिओत गेलो. आत पुरुषांची गर्दी, म्हणून मी गाडीतच थांबले. चेहऱ्यावर डाग चालत नाही, कान दिसायला हवेत, असं फोटोग्राफरनं सांगून ठेवलं होतं. मी दोघींच्या तिटा पुसल्या, टोपरी काढली. नवरा आधी थोरलीला घेऊन गेला आणि दहा मिनिटांत आला. मग धाकटीला नेलं. ती जाताना रडत होती आणि आतून तिचा आवाज मला गाडीत ऐकू येत होता. तेवढ्यात मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली. नमाजाच्या वेळी तिथं सगळी दुकानं बंद होतात. आजूबाजूची शटरं धडाधड खाली यायला लागली, आणि स्टुडिओचं शटर अर्ध्यावर असताना नवरा त्याखालून वाकून बाहेर आला.

"झाले?" मी विचारलं.

"झाले," तो म्हणाला आणि धाकटीला माझ्या मांडीवर ठेवलं.

फोटो तो दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना घेऊन गेला, अर्ज तिथंच भरले. पासपोर्ट हातात आले ते त्यानं परस्पर मंदूबकडे दिले. मी फोटो बघायला मागितले तर म्हणाला, सगळे अर्जांना लागले. मला वाईट वाटलं, एक तरी आईला पाठवायचा होता.

शुक्रवार दोन दिवसांवर आला तेव्हा, बुधवारी संध्याकाळी, पासपोर्ट घरी आले. तीन, व्हिसाचे शिक्के मारलेले. त्यानं ते जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि तो अंघोळीला गेला. मी आधी शिक्के बघितले, मग थोरलीचा फोटो, मग धाकटीचा. फोटोत धाकटी शांत होती. मला गंमत वाटली, ही आणि शांत! मग मी तिचा कान बघितला. उजवा कान साफ, सरळ, कड बाहेर. दोन्ही पासपोर्टांवर थोरलीच होती.

गुरुवार-शुक्रवार तिथं सुट्टी, सगळ्या कचेऱ्या बंद. नवऱ्याला सांगितलं तर काय होणार हे मला ठाऊक होतं. हा माणूस बँकेतला, अर्जातला एक रकाना चुकला तर अख्खा अर्ज फाडून नवा भरणारा. तो म्हणणार, खोट्या फोटोवर मुलीला देशाबाहेर नेता येणार नाही, दुरुस्ती करू. दुरुस्ती म्हणजे पुन्हा पासपोर्ट, पुन्हा इकामा, पुन्हा मंदूब. तोवर खाला रत्नागिरीला पोचलेल्या असणार, आणि मी ह्या सहा खिडक्यांत आणखी एक वर्ष. मला नळाचा आवाज ऐकू आला. तो आत अंघोळ करत होता, तरी मी दचकले.

मी पासपोर्ट मिटून माझ्या पर्समध्ये टाकले. "छान आलेत फोटो," तो बाहेर आल्यावर मी म्हटलं. लग्न झाल्यापासून त्याच्याशी मी इतकं सरळ खोटं कधी बोलले नव्हते. तोही "हं" म्हणून डोकं पुसत राहिला.

आणखी एक गोष्ट मी केली, तीही सांगून टाकते. गुरुवारी बॅग भरताना मी माझी शाळेची सगळी प्रमाणपत्रं तळाशी घातली, वर मुलींची झबली. उष्टावणाला कुणी बी.एड.चं प्रमाणपत्र नेत नाही. मी परत न येण्याच्या बेतानं निघाले होते. भावाला नाही, आईला नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी विमानतळावर अबायाच्या आत मला घाम फुटला होता. पासपोर्ट तपासायच्या रांगेपर्यंत नवरा आमच्या सोबत आला. पुढं त्याला जाता येत नव्हतं. थोरली माझ्या कडेवर झोपलेली, धाकटी खालांच्या कडेवर टुकूटुकू बघत होती. मी आत जायची घाई करत होते. त्याच्याकडे बघितलं तर माझ्या तोंडावर सगळं दिसेल अशी भीती वाटत होती.

नवरा खालांजवळ गेला. त्यानं धाकटीचं टोपरं पुढं ओढलं, उजव्या कानावरून नीट खाली घेतलं आणि हनुवटीखाली नाडीची गाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक गाठ.

"पलीकडं जाईस्तोवर हे काढू नकोस," तो मला म्हणाला. "कान झाकलेला राहू दे."

"तुला माहितेय?"

"फोटो मीच काढून घेतलेत ना. ती रडायची थांबेचना. फोटोग्राफरनं दिवे बंद करायला घेतले. म्हटलं, आधीच्याच फोटोच्या जास्त प्रती काढ. परत यायचं म्हटलं असतं तर तारीख गेली असती."

"मला सांगायचं तरी!"

"तू चालवून घेतलं असतंस? तू पडलीस मास्तरीण. नदी अर्धा इंच चुकली तर पोरांकडून अख्खा नकाशा पुन्हा काढून घेणारी."

मला हसूही आलं आणि रडूही. "आणि तो कान तू कधी बघितलास?"

"त्या दुपारी," तो म्हणाला. "नळ चालू होता तेव्हा."

मागची माणसं ढकलत होती. आम्ही पुढं सरकलो.

काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडले. एक पान बघितलं, थोरलीकडे बघितलं. दुसरं पान बघितलं, धाकटीकडे बघितलं. पुन्हा पहिलं पान. त्यानं दोन्ही पासपोर्ट शेजारच्या अधिकाऱ्यापुढं धरले आणि दोघं मोठ्यानं हसले. "सेम सेम!" तो मला म्हणाला. "माशाल्ला!" आणि धाड धाड शिक्के मारले. "खलास. यल्ला."

इतकंच. खाला केव्हाच पुढं निघाल्या होत्या. मी चार पावलं गेले आणि मागं वळून बघितलं.

तो तिथंच उभा होता, जमिनीवरच्या पट्ट्याच्या पलीकडे. मुलींची दुधाची रिकामी पिशवी त्याच्या हातात राहिली होती. वरच्या खिशात इकामा, तो बाहेर पडताना रोज तिथंच ठेवायचा. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. इतके महिने मी त्याला रोज दारातून जाताना बघत होते आणि जळत होते. तो कुठं जाऊ शकतो, तर ओलायापर्यंत, हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं. आता तो त्याच खिडक्यांच्या घरी जाणार होता, आणि तिथं कुणी रडणारही नव्हतं.

निघताना मी त्याला 'येते' म्हटलं नव्हतं. विसरले नव्हते, मुद्दामच म्हटलं नव्हतं.

"येते रे!" मी तिथून ओरडले. अबायातली बाई एवढ्या मोठ्यानं ओरडलेली बघून दोन-चार माणसं वळली. शिक्का मारणाऱ्यानंही मान वर केली. नवऱ्यानं पिशवीचा हात उंच केला.

"अगो, चल, पोरगी तापली माझ्याकडं," खालांनी हाक मारली. धाकटीनं भोकाड पसरलं होतं. मी थोरलीला त्यांच्याकडे दिलं, धाकटीला घेतलं आणि बाकावर बसून तिचं टोपरं सोडायला लागले. त्यानं गाठी फार घट्ट मारल्या होत्या. दोन्ही सोडवायला मला बराच वेळ लागला.